पुढं चालणारं माणूस

धनगरवस्ती, गंगापूरजवळ
६ एप्रिल २०२५

चिरंजीव अंगदला सुगंधाबाईचा आशीर्वाद.

आधी ओळख करून देते, कारण तुला आठवायचं नाय. मी तुझी आजी. तुझ्या बापाची आई. रंग सावळा, कान बहिरे, खालचे तीन दात शिल्लक. संक्रांतीला येतो म्हणून गेलास. कुठल्या सालच्या संक्रांतीला ते सांगितलं नव्हतंस. चूक माझीच, विचारून घ्यायला पाहिजे होतं.

फोन का करत नाहीस म्हणू नकोस. कानातलं मशीन फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं, आणि तू तिकडून "हं, हं" करून ठेवून देतोस. कागदाला हं म्हणता येत नाय. मी बोलते, आपल्या अंगणवाडीची सुरेखा लिहिते, वस्तीतला भाडं मारणारा कडुबा त्याच्या जीपनं गंगापूरला नेऊन पेटीत टाकतो. सुरेखा म्हणते मी लई भरभर बोलते. तिला म्हटलं, तू भरभर लिही.

आता कामाचं. कडुबा म्हणाला, तुला मोठं काम मिळालं. पैठणकडच्या मोसंबीवाल्या शेतकऱ्यांसाठी फळ थंड ठेवायचं घर उभं करायचं. मी वस्तीत पेढे वाटले. गूळ होता, पण पेढे समजून खा म्हटलं. मग त्याच कडुबानं दुसरंही सांगितलं, की मागचं दूधवाल्यांचं काम तू तीन महिने उशिरा दिलंस आणि ते लोक अजून तुझं नाव निघालं की तोंड वाकडं करतात. हे तुझ्याकडून कळलं असतं तर मी गूळ जरा बारीक फोडला असता.

मला एवढंच कळव. चितेगावच्या शेडमध्ये तुझी चाळीस माणसं आहेत, लोखंडवाली, पत्र्यावाली, वायरवाली. त्यांच्या पुढं कोण चालतंय? तू म्हणशील, मीच. मग मागच्या खेपेला ती सगळी कुणाच्या मागं गेली होती?

सुगंधाबाईचा अंगठा
(लिहिणार सुरेखा. मी एवढं टोचून लिहीत नाही, हे सगळं त्यांचं आहे.)


चितेगाव
१४ एप्रिल २०२५

तीर्थरूप आजीस, अंगदचा साष्टांग नमस्कार.

संक्रांतीचं चुकलं. दूधवाल्यांचंही खरं आहे. तू विचारलं नाहीस म्हणून सांगितलं नाही असं लिहिणार होतो, पण सुरेखाताई वाचताना हसतील, म्हणून राहू दे.

मागच्या वेळी माणसं चांगली होती, सामानही चांगलं होतं. फरशीवाला आला तेव्हा पाइप आले नव्हते, आणि पाइप आले तेव्हा फरशीवाला भाचीच्या लग्नाला गेला होता. प्रत्येकाला स्वतःचं काम पाठ होतं. सगळ्यांचं मिळून काम कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही.

या वेळी तसं चालणार नाही. पंचवीस ऑगस्टला पहिली मोसंबी आत जाणार. त्या दिवशी खोल्या थंड असतील तर याच शेतकऱ्यांची आणखी दोन गोदामं मला मिळतील. नसतील तर अंगदला दोनदा उशीर झाला हे सगळ्या पट्ट्यात पसरेल, आणि तिसरं काम कुणी देणार नाही. शेडला कुलूप लावून मी परत कुणाच्या तरी कंपनीत हजेरी लावीन.

म्हणून प्रोजेक्ट मॅनेजर ठेवलाय. तो स्वतः हातोडा धरत नाही. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, कोण कशासाठी खोळंबलाय, हे बघणं हेच त्याचं काम. बारा जणांच्या मुलाखती घेतल्या आणि हिमांशू नावाचा मुलगा निवडला. काय बोलतो, आजी. लॅपटॉपवर सगळं काम रंगीत पट्ट्यांत मांडून दाखवलं. मी पंचवीस ऑगस्ट म्हटलं, तर तो म्हणाला, दहा ऑगस्ट धरा. बाकीचे 'जागा बघून सांगतो' म्हणत होते. एक बाई तर मलाच प्रश्न विचारायला लागली, जशी काही तीच माझी मुलाखत घेतेय. हिमांशूनं एकही प्रश्न विचारला नाही.

आता तू निर्धास्त राहा.

तुझा,
अंगद


धनगरवस्ती
२३ एप्रिल २०२५

चिरंजीव अंगदला आशीर्वाद.

बारा माणसं आली आणि ज्यानं काहीच विचारलं नाय, त्याला ठेवलंस. सुरेखाला ते दोनदा वाचायला लावलं. वाटलं, तीच चुकली.

एक सांगते, तुझ्या जन्माआधीचं. आपली नऊ बिऱ्हाडं सातशे मेंढरं घेऊन गोदाकाठी उतरायची होती. आपली रीत तुला ठाऊक नसंल, तू जीपमध्ये वाढलास. तळ हलायच्या आदल्या दिवशी एक माणूस एकटं पुढं चालून जायचं. पाणी कुठं आहे, कुठल्या शिवारात कापूस उभा आहे, कोण मालक खतासाठी रानात मेंढरं बसवू देतो, कुठला ओढा कोकराला ओलांडता येत नाय, हे डोळ्यांनी बघायचं. सांजेला माघारी येऊन सगळ्यांना बसवून सांगायचं. आधी वाईट, मग चांगलं. ते ऐकल्याबिगर घोड्यावर सामान चढत नसे.

त्या साली फकिरा म्हणून एक गडी होता. तो बोलायला लागला की मेंढरं चरायची थांबायची. म्हणाला, वाट मला तोंडपाठ आहे, बघून यायची गरज नाय, सगळे तीन दिवस म्हणतात, मी दोन दिवसांत पोचवतो. तुझ्या आज्याला, मुंजाबाला, ते दोन दिवस लई आवडले. तळ्यावर पोचलो तर तळं कोरडं. माघारी फिरलो. अकरा कोकरं गेली. दोन मी कडेवर घेतली होती, त्यातलं एक कडेवरच गेलं.

पुढच्या सालापासून पुढं मी चालले. बाई कुठं पुढं जाते का म्हणणारे होते. त्यांना म्हटलं, मग तुम्ही फकिराबरोबर जा. कुणी गेलं नाय. बावीस वर्षं चालले.

माणूस निवडताना त्याला एकच विचारायचं, तू किती कोकरं गमावलीस? एकही नाय म्हणतो, तो खोटं बोलतो, नाहीतर कधी पुढं चाललाच नाय. जो सांगतो कुठलं, कुठं, आणि माझं काय चुकलं, त्याला भाकर वाढायची. तुझ्या हिमांशूला विचारलं होतंस का? दहा ऑगस्ट तुला आवडला, एवढंच मला दिसतंय.

सुगंधाबाईचा अंगठा


चितेगाव
७ जून २०२५

तीर्थरूप आजीस साष्टांग नमस्कार.

सगळं छान चाललंय. हिमांशूच्या पट्ट्या हिरव्या आहेत. भिंती उभ्या राहिल्या. तू पाठवलेले लाडू शेडवर सगळ्यांना फार आवडले. तब्येतीला जप. घाईत आहे.

अंगद


धनगरवस्ती
१३ जून २०२५

चिरंजीव अंगद,

लाडू मी पाठवलेच नव्हते.

म्हातारीला आठवत नसंल असं वाटलं व्हय? खोटं बोलायला तू लहानपणापासून कच्चा. पाटलाच्या विहिरीत मोट पाडलीस तेव्हाही आधी येऊन माझे पाय चेपायला बसला होतास. तेव्हाच मी म्हटलं, काहीतरी बुडालं.

कडुबाला पैठणकडचं भाडं लागलं होतं. वाटेत तुझं काम बघून आला. भाडं होतं असं तो म्हणतो, मी पाठवलं असं सुरेखा म्हणते. त्यानं बघितलं ते असं, की भिंती खरंच उभ्या आहेत आणि आतली नवी कोरी फरशी चार माणसं घणानं फोडतायत. कशाला फोडता विचारलं, तर म्हणाले, खालून पाणी जायचा पाइप राहिला.

म्हणजे मागच्यासारखंच. फक्त या वेळी पट्ट्या हिरव्या आहेत.

आता खरं लिही. आपल्या रीतीनं लिही, आधी वाईट.

सुगंधाबाईचा अंगठा
(अंगददादा, खरंच लिहा. त्या दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. हे मी त्यांना वाचून दाखवलेलं नाही. सुरेखा)


चितेगाव
२० जून २०२५

आजी, साष्टांग नमस्कार.

आधी वाईट. फरशी फोडली ती खरी. त्याहून वाईट म्हणजे, चार खोल्यांना चार थंडाव्याची यंत्रं लागतात आणि दोनच मागवली आहेत. उरलेली मी मागवली असं हिमांशूला वाटलं, त्यानं मागवली असं मला वाटलं. आज मागणी दिली तर ती सप्टेंबर उजाडल्यावर येणार. आणि पंचवीस ऑगस्टला सहासष्ट दिवस उरलेत.

तू विचारशील, मी त्याला रोज विचारलं का नाही. कारण ऐकून हसू नकोस. आपल्यात दुसऱ्याला त्याच्या कळपाचा आकडा विचारत नाहीत, अपमान होतो, नजर लागते. ते अंगात इतकं मुरलंय की 'किती झालं?' असं विचारायला माझी जीभच उचलत नव्हती. तो म्हणायचा, होतंय. मी म्हणायचो, बरं.

परवा त्याला तुझा प्रश्न विचारला. कोकरं म्हटलं तर त्याला कळेना, म्हणून साध्या शब्दांत विचारलं की तुझ्या हातून कुठलं काम बिघडलं. तो म्हणाला, एकही नाही. मग स्वतःच म्हणाला, "सर, मी एकही काम शेवटपर्यंत चालवलेलं नाही. मी कामं मिळवून द्यायचो. पुढे काय व्हायचं ते मला ठाऊक नाही." माणूस वाईट नाही, आजी. मीच त्याला नको त्या वाटेला लावला.

मग त्या बाईंना फोन केला, मला उलटे प्रश्न विचारणाऱ्या. नाव हिमानी, राहतात मुकुंदवाडीत. वडील कचेरीत कारकून होते, आजोबा भिक्षुकी करायचे. त्यांना विचारलं, तुमच्या हातून काय गेलं? त्यांनी एक क्षणही घेतला नाही.

"सात आठवडे," म्हणाल्या. "शहरातल्या एका दवाखान्याची इमारत होती. लिफ्टवाल्याला जागा केवढी लागते ते मी गवंड्याला विचारलं, लिफ्टवाल्याला विचारलंच नाही. भिंत पाडावी लागली. सात आठवडे रुग्णांना स्ट्रेचरवरून जिन्यानं नेत होते. मी रोज तिथे उभी राहून बघत होते."

मग त्यांनी मला विचारलं, पहिल्या दिवशी मोसंबी किती येणार? मला ठाऊक नव्हतं. चार महिन्यांत मी ते कुणालाच विचारलं नव्हतं. त्या 'बरं' म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं.

सोमवारपासून त्या येतायत. खरं सांगायचं तर धास्ती वाटते. सहासष्ट दिवसांत त्यांनी तरी काय करावं? सगळ्यांच्या मागं मी स्वतः धावावं असं सारखं वाटतंय.

अंगद


धनगरवस्ती
२७ जून २०२५

चिरंजीव अंगदला आशीर्वाद.

हसले नाय. थोडी हसले.

लेका, आकडा विचारायचा नाय तो दुसऱ्याच्या कळपाचा. हा कळप तुझा होता. आपल्या मेंढरांना मी रोज सांजेला वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या वाड्याच्या, तोंडाशी एकेक करून आत घेत होते, आणि एक कमी भरलं तरी चूल पेटत नव्हती. रीत तू अर्धीच उचललीस, आणि अर्धी उचललेली रीत न उचललेलीपेक्षा वाईट.

हिमांशूला हाकलू नकोस. फकिराला आम्ही हाकललं नव्हतं. मेंढरं बसवायला शेतकऱ्याशी बोलणी करायला त्याला धाडायचो. त्यानं बोलणी केली की मालक धान्य तर द्यायचाच, वर चहा पाजून पाठवायचा. बोलणाऱ्याला बोलायचं काम दे.

आता या मुलीचं. दवाखान्याचं तिनं जसं सांगितलं, तसं मी अजून त्या कोकराचं सांगते. माणूस बरोबर आहे. पण तुला एक अट. पुढं गेलेल्या माणसाला मागून हाक मारायची नाय. मी पुढं गेले की मुंजाबा टेकडीवर उभा राहून ओरडायचा, तिकडून जा, तिकडून जा. एकदा मी माघारी येऊन काठी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, जा तूच. त्यानंतर टेकडी सोडली त्यानं.

तू टेकडीवर चढू नकोस.

सुगंधाबाईचा अंगठा


चितेगाव
२५ जुलै २०२५

आजी, साष्टांग नमस्कार.

आधी वाईट. मी टेकडीवर चढलो होतो.

हिमानीमॅडमनी पहिल्याच आठवड्यात चितेगावपासून गोदामापर्यंतचा रस्ता बघायला घेतला. गोदामाच्या गावात शिरल्यापासून तर त्या चालतच गेल्या, हातात मापाची फीत घेऊन. देवळाजवळच्या वळणावर आम्ही ठरवलेला लांब ट्रेलर वळणारच नाही हे त्यांनी मापून दाखवलं. उभ्या भिंतींना आतून लावायचे, थंडावा धरणारे जाड पत्रे त्यावर येणार होते. तो ट्रेलर त्यांनी रद्द केला आणि तीन छोटे टेम्पो लावले. मी कुरकुरलो. एका खेपेचं काम तीन खेपांत कशाला, असं सगळ्यांसमोर म्हणालो. त्यांनी फीत माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही वळवून दाखवा." मला तुझी काठीच आठवली. गेलो, मापलं, परत येऊन तीन टेम्पोंना हो म्हटलं.

मग त्या शेतकऱ्यांच्या गटाच्या अध्यक्षांकडे गेल्या आणि मी न विचारलेला प्रश्न त्यांना विचारला. उत्तर काय मिळालं असेल? पहिल्या पंधरा दिवसांत येणाऱ्या फळाला दोनच खोल्या पुरतात. चारही भरायला सप्टेंबरची अखेर येते. दोन यंत्रं तर आपल्याकडे येणारच आहेत. यंत्रं राहिली ही आमची चूक, असं त्यांनी अध्यक्षांना सरळ सांगितलं, आणि पंचवीस ऑगस्टला दोन खोल्या, वीस सप्टेंबरला उरलेल्या दोन, असं कागदावर मान्य करून आणलं. अध्यक्ष मला म्हणाले, दूधवाल्यांच्या वेळी असं कुणी येऊन सांगितलं असतं तर लोक एवढे चिडले नसते.

आता सांजेचं सांगतो. रोज साडेपाचला शेडमध्ये सगळे उभे राहतात. पंधरा मिनिटं. मॅडम एकच विचारतात, आज काय अडलं? पहिले चार दिवस कुणी तोंड उघडलं नाही. पाचव्या दिवशी वायरवाला म्हणाला, विजेच्या जोडणीचा अर्ज पुढं सरकत नाही. मी लगेच वीज कार्यालयाच्या नावानं सुरू झालो. मॅडमनी मला बोलू दिलं, मग शांतपणे म्हणाल्या, "अर्ज कार्यालयात गेलेलाच नाही. तो तुमच्या टेबलाच्या खणात आहे, सहीसाठी. एकोणीस दिवस."

चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी खण उघडला, सगळ्यांसमोर सही केली आणि म्हटलं, आज माझ्यामुळं अडलं. त्या दिवसापासून सगळे बोलायला लागले. फरशीवाला तर आता उद्या काय अडणार तेही आदल्या दिवशी सांगतो.

हिमांशूला तू म्हणालीस ते काम दिलंय. तो फार सुखात आहे.

एकतीस दिवस उरलेत. जमेल असं अजून म्हणत नाही. जमणार नाही असंही आता वाटत नाही.

अंगद


गोदामावरून
२६ ऑगस्ट २०२५

आजी,

आज आधी चांगलं सांगतो, आणि वाईट काहीच नाही.

बावीसलाच दोन्ही खोल्या थंड झाल्या. तीन दिवस आधी. मॅडमनी तीन दिवस रिकाम्या खोल्या चालू ठेवून तपासल्या, मी म्हटलंसुद्धा नाही की कशाला. काल सकाळी आठला पहिला ट्रॅक्टर आला. आत आकड्याच्या पाटीवर सात अंश. शेतकरी एकेक करून आत जायचे, भिंतीला हात लावायचे आणि हात चोळत बाहेर यायचे. एक म्हातारेबाबा आतच पोत्यावर टेकले आणि म्हणाले, मी आता दिवाळीलाच उठतो.

माझी चाळीस माणसं रांगेनं उभी होती. मॅडमनी त्या प्रत्येकाला पुढं बोलावून शेतकऱ्यांना सांगितलं की हे यांनी केलं, हे यांनी. फरशीवाल्याला सांगताना म्हणाल्या, यांनी दोनदा केलं. सगळे हसले, तो सगळ्यांत मोठ्यानं.

दूधवालेही बघायला आले होते. कुणी बोलावलं होतं ठाऊक नाही, कडुबाच्या जीपमधून उतरले. त्यांच्यातले जुने मालक आत जाऊन आले, माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी त्यांना म्हटलं, तुमच्या कामाला उशीर झाला तो माझ्यामुळं. ते म्हणाले, हे तेव्हाच सांगायचं होतंस, आता आम्हालाही एक खोली बांधून दे.

ती आणखी दोन गोदामं मिळाली, आजी. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. हिमांशूनं बोलणी केली, त्यामुळं दोनाची तीन झाली. तिसरं अंबड रस्त्याला. करारात अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली आहे: काम हिमानीबाईच बघतील.

शेडला कुलूप लागणार नाही. उलट शेजारचा गाळा घ्यावा लागतोय.

तू असायला हवी होतीस.

तुझा,
अंगद


धनगरवस्ती
२ सप्टेंबर २०२५

चिरंजीव अंगदला सुगंधाबाईचा लई लई आशीर्वाद.

पत्र सुरेखानं पारावर उभं राहून वाचलं. मी सांगितलं होतं, घरात वाचू नको, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. फरशीवाल्यापाशी आल्यावर ती स्वतःच इतकी हसली की पुढचं वाचायला दुसरं कुणी बघावं लागतंय की काय असं झालं. सात अंश म्हणजे किती थंड ते कुणाला कळेना. शेवटी कडुबानं सांगितलं की त्यानं आत जाऊन बघितलं आणि त्याला नातवाची टोपी घालावी लागली. दूधवाल्यांना कुणी बोलावलं असं मला विचारू नकोस. जीप त्याची आहे, त्याला विचार.

मुंजाबा असता तर आज टेकडीवर चढून ओरडला असता, आणि मी ओरडू दिलं असतं.

आता थोडं कामाचं ऐक, मग फुगायचं तेवढं फुग. एक गोदाम होतं तेव्हा एक वाट होती. आता तीन वाटा आहेत आणि चालणारी एक. हिमानी तीन ठिकाणी फीत धरू शकत नाय. तिच्या हाताखाली आणखी दोन माणसं घे, आणि आजच घे, कामं गळ्याशी आल्यावर नको. पण या खेपेला तू निवडू नकोस. तिला निवडू दे. तू बाजूला बस, पाणी वगैरे दे. पुढं चालणाऱ्याला पुढं चालणारं माणूस लांबून ओळखू येतं. तुला अजून बोलणारं माणूस आवडतं. हिमांशूच्या बाबतीत ते शेवटी फळलं, पण दर खेपेला फळंल असं नाय.

तिला इकडं घेऊन ये. इथल्या चार म्हाताऱ्यांना ती बघायची आहे. त्या चौघीही आपापल्या तळाच्या पुढं चालल्यात आणि कुणी त्यांना मॅडम म्हटलं नव्हतं. तिनं मापायची फीत आणावी, आम्हाला ती हातात घेऊन बघायची आहे.

तारीख सांगून ये. सालासकट सांग.

रविवारी कडुबा शहरात भाडं घेऊन येतोय, त्याच्याकडं मटणाचा खलिया देऊन पाठव. शहागंजकडचा चांगला असतो म्हणतात, तू चाखून घे. नान पाठवू नकोस, इथं पोचेपर्यंत चामडं होतं, बाजरीची भाकर आमची आम्ही करू. डबा स्टीलचा, झाकणाला फडकं बांधलेला, आणि मऊ मटण वरच्या कप्प्यात, दात तीनच आहेत. सुरेखा मटण खात नाय, तिच्यासाठी पाव किलो इमरती वेगळ्या पुड्यात बांध, आणि पुड्यावर तिचं नाव मोठ्या अक्षरात लिही, म्हणजे वाटेत फोडायचा नाय, कडुबाला वाचता येतं.

सुगंधाबाईचा अंगठा